फांगण्याची आजीबाईंची शाळा

कुठे : फांगणे, ता. मुरबाड, जि. ठाणे. मुरबाड हा ग्रामीण, डोंगराळ तालुका.

कधी : ८ मार्च २०१६, जागतिक महिला दिन.

कोणी : जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हातभार लावला.

विद्यार्थिनी : साठी ओलांडलेल्या सुमारे ३० आज्या. लहानपणी घरकाम आणि शेतीपायी शाळेचं तोंड न पाहिलेल्या. काहींनी नव्वदी गाठलेली.

गणवेश : गुलाबी नऊवारी. खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी-पेन्सिल.

वेळ : दुपारची, घरातली कामं उरकल्यावर.

अभ्यास : बाराखडी, अंक, कविता, स्वतःची सही. पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, ही आज्यांची मूळ इच्छा. विद्यार्थिनींनी झाडं लावली. त्यांना पाणी घालणं हाही शाळेचाच भाग.

फरक काय : जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा ६ ते १४ वयोगटाच्या सक्तीच्या शिक्षण कायद्याखाली चालते. ही शाळा ऐच्छिक आहे.

घरचा अभ्यास : अडलेलं अक्षर नातवंडं समजावून सांगतात.