वृषणाच्या कर्करोगानंतर : टेस्टोस्टेरॉनची भरपाई आणि निवडीचे प्रश्न

वृषणाचा कर्करोग बरा होतो, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी ठाऊक नाही. १९७४ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनवलेले औषध आणखी दोन औषधांच्या जोडीने वापरले आणि शरीरात पसरलेला हा रोगही बरा होऊ लागला. आज पाश्चात्त्य देशांत सर्व टप्प्यांचे रुग्ण एकत्र धरले तरी शंभरातले सुमारे ९५ जण बरे होतात. क्रिकेटपटू युवराजसिंगच्या छातीतली गाठ याच कुळातली, म्हणजे बीजपेशींची होती. २०१२ मध्ये तो उपचारासाठी आइनहॉर्न यांच्याकडेच गेला होता, हे अनेकांना आठवत असेल.

हा रोग प्रामुख्याने १५ ते ४० या वयातला. बरा झालेला माणूस पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगणार असतो. ही वर्षे तो कोणत्या संप्रेरकाच्या बळावर काढणार, हा प्रश्न मात्र कर्करोगाच्या जाडजूड फायलीत शेवटी कुठेतरी एका ओळीत येतो. त्यातून भारतात हा रोग दुर्मीळ, वर्षाला लाख पुरुषांमागे एकापेक्षाही कमी. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये तो दहाच्या आसपास आहे. त्यामुळे सविस्तर माहिती हवी असेल तर ती बहुतेक तिकडची आणि इंग्रजीत मिळते.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि औषधांचा इतिहास वाचणे हा माझा वीस-बावीस वर्षांचा नाद. या विषयात खोल उतरलो तो भाच्यामुळे. सत्ताविसाव्या वर्षी त्याचे एक वृषण काढावे लागले आणि चौतिसाव्या वर्षी दुसऱ्यातही गाठ निघाली. दुसऱ्या बाजूला पुन्हा रोग होणे शंभरातल्या दोन-चार जणांच्याच वाट्याला येते, तो त्यांतला. मधल्या सात वर्षांत त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्याने मला विचारले, "मामा, यातलं सगळ्यात चांगलं औषध कोणतं?"

प्रश्न साहजिक होता, पण औषधाच्या प्रतीचा तो नव्हताच. इंजेक्शन घ्या, मलम चोळा किंवा कॅप्सूल गिळा, रक्तात शेवटी पोचतो तो एकच रेणू. अॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकॉर यांच्या गटाने १९३५ साली तो बैलाच्या वृषणांतून वेगळा केला. सुमारे १०० किलो वृषणांतून हाती आले जेमतेम १० मिलिग्रॅम. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिचका यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांकडे गेले. अडचण एवढीच, की हा रेणू नुसता गिळला तर आतड्यातून थेट यकृतात जातो आणि यकृत तो मोडून टाकते. गेल्या नव्वद वर्षांतली बरीचशी खटपट ही नवे औषध शोधण्याची नाही, त्याच रेणूला यकृत चुकवून रक्तात पोचवण्याची आहे.

पण औषधाच्या आधीचा प्रश्न असा, की ते लागते का? वृषणाची कामे दोन. शुक्राणू तयार करणे आणि त्यातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवणे. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके पाठवून त्यांना कामाला लावते. एक वृषण शिल्लक असेल तर बहुतेकांना ते पुरते. ज्यांनी केमोथेरपी किंवा त्या जागी किरणोपचार घेतले आहेत, त्यांच्यात ते कमी पडण्याची शक्यता वाढते. मात्र केमोनंतर उरलेले वृषण सावरायला वर्ष-दोन वर्षे घेऊ शकते. म्हणून आकडा थोडासाच खाली आणि तक्रार फारशी नाही, अशा वेळी घाई न करता थांबून पुन्हा तपासणे हे शहाणपणाचे. तपासणी सकाळीच, शक्यतो उपाशीपोटी, आणि निदान दोन वेगवेगळ्या दिवशी. कारण टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी चढते आणि दिवसभरात उतरते. संध्याकाळी सहाला रक्त देऊन 'कमी' निघालेल्या अहवालावर आयुष्यभराचे औषध सुरू करू नये. सोबत एलएच पाहावे. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच चढलेले, म्हणजे वरून हाक येते आहे पण खाली ओ द्यायला कोणी नाही.

दोन्ही वृषणे गेलेल्याला असा विचार करायला वाव नाही. त्याला भरपाई लागतेच, आणि लवकर. नाहीतर बायकांना पाळी जाताना होतात तशा अंगातून गरम वाफा येतात, स्नायू झडतात, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होत जातात.

एक वृषण शाबूत असलेल्या तरुणाने औषध घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला नीट विचारायचा: मूल हवे आहे का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पिट्युटरीला वाटते, भरपूर आहे. ती एलएच-एफएसएच पाठवणे थांबवते आणि शुक्राणू बनणे मंदावते, कित्येकदा पूर्ण थांबते. पुरुषत्वासाठी घेतलेले औषधच बाप होण्याच्या आड येते, हे ऐकून माणसे चकित होतात. (व्यायामशाळेत याच कुप्या गुपचूप टोचून घेणाऱ्या मुलांनाही हे कोणी सांगत नाही.) म्हणून केमोच्या आधीच वीर्य गोठवून ठेवणे उत्तम. लान्स आर्मस्ट्राँगने १९९६ साली तेच केले होते.

मूल हवे आणि टेस्टोस्टेरॉनही कमी, अशा पुरुषांना एचसीजीची इंजेक्शने देण्याची पद्धत आहे. एचसीजी हे एलएचसारखेच वागते आणि उरलेल्या वृषणाला आतून कामाला लावते. इथे कर्करोगातून उठलेल्या माणसाची वाट इतरांपेक्षा वेगळी होते आणि सर्वसाधारण माहितीपत्रकांत नेमके हेच सुटते. एचसीजी हीच या कर्करोगाची एक खूण आहे! गाठ परत आली का हे पाहायला दर काही महिन्यांनी रक्तात जे तपासतात त्यात एएफपी, एलडीएच यांच्या जोडीला एचसीजी असते. ते इंजेक्शनातून घेतले तर तपासणीत दिसणारच. म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरांना न विचारता, केवळ वंध्यत्वाच्या दवाखान्यातून ही इंजेक्शने सुरू होता कामा नयेत.

उलट बाजूची गफलतही होते. एलएच आणि एचसीजी यांची घडण इतकी जवळची, की एलएच फार चढलेले असेल तर काही चाचण्या त्यालाच एचसीजी समजतात. वृषण गेलेल्या माणसात एलएच चढलेले असतेच. मग अहवालात किंचित वाढलेले एचसीजी दिसते, घरात धस्स होते, पुन्हा केमोची भाषा सुरू होते. अशा वेळी जाणकार डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देऊन पाहतात. एलएच खाली येते आणि त्याबरोबर ते 'एचसीजी'ही नाहीसे झाले, तर तो रोग नव्हता. केवळ या एका माहितीने एखाद्याची अनावश्यक केमोथेरपी टळू शकते, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

टेस्टोस्टेरॉनने हा कर्करोग परत येईल का, ही भीती बहुतेक घरांत असते. बीजपेशींच्या गाठी टेस्टोस्टेरॉनवर पोसल्या जात नाहीत; पुरस्थ ग्रंथीच्या म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी. दोहोंची गल्लत करून कोणी गरजेचे औषध नाकारू नये.

आता प्रकार. सर्वांत जुने आणि स्वस्त ते तेलातले इंजेक्शन. टेस्टोस्टेरॉनला मेदाम्लाची शेपटी जोडतात आणि तेलात विरघळवून स्नायूत टोचतात. तिथे तेलाचा छोटा साठा राहतो आणि त्यातून औषध हळूहळू सुटते. शेपटी जितकी लांब, तितका मुक्काम जास्त. ही तेले आपल्या स्वयंपाकघरातलीच: एनँथेट तिळाच्या तेलात, सिपिओनेट सरकीच्या, चार शेपट्यांचे प्रसिद्ध मिश्रण शेंगदाण्याच्या. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्याने हे शेवटचे घेऊ नये. यांतली नेहमीची मात्रा म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅम. दोष असा, की पहिले काही दिवस पातळी गरजेपेक्षा वर आणि शेवटी तळाला. भाच्याने हेच आधी सुरू केले. अकराव्या-बाराव्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळायचे, की याचे इंजेक्शन संपत आले.

जेलमध्ये हा हिंदोळा नाही. रोज सकाळी खांद्यावर, दंडावर चोळायचे. त्यातले सुमारे दहा टक्केच आत शिरते, पण पातळी बरीच सपाट राहते आणि नको वाटले तर थांबवता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला म्हणूनच ते सोयीचे. पण न शिरलेले औषध कातडीवर उरते आणि स्पर्शाने दुसऱ्याच्या अंगाला लागते. लहान मुलांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणे दिसल्यामुळे २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जेलच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. हात साबणाने धुवा, जेल सुकू द्या, तो भाग कपड्याने झाका, पुढचे काही तास अंघोळ नको, असे नियम आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात बाप घरात बनियनवर असतो आणि पोर त्याच्या अंगावर झोपते. भाच्याच्या मुलीला तर तशीच सवय. त्याने जेल नाकारले, ते मला पूर्ण पटले.

त्याने शेवटी अनडेकॅनोएटचे लांब मुदतीचे इंजेक्शन निवडले. १००० मिलिग्रॅम, ४ मिलिलिटर एरंडेलात. दुसरे सहा आठवड्यांनी आणि मग दर १० ते १४ आठवड्यांनी. वर्षाला चार-पाच सुया. एरंडेल आमच्या पिढीने नाक दाबून प्यायले. ते असे कामी येईल असे तेव्हा कोणाला वाटले असते! हे जाड तेल कुल्ल्यात खोलवर, दोन मिनिटे घेऊन सावकाश द्यावे लागते. क्वचित तेलाचे थेंब रक्तातून फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येते, धाप लागते. म्हणून अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी देताना सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसण्याची अट घातली. आपल्याकडेही तो अर्धा तास आपण होऊन बसावे. ज्याला दुष्परिणाम झाला तर औषध लगेच बंद करता यायला हवे, त्याच्यासाठी हे नव्हे; टोचलेले तेल परत काढता येत नाही.

अनडेकॅनोएटची कॅप्सूलही मिळते. ती स्निग्ध पदार्थांबरोबर लसिकेच्या मार्गाने शोषली जाते आणि यकृत चुकवते. मात्र कोरड्या भाकरीबरोबर घेतली तर फारसा उपयोग नाही. (उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीतले तूप-शेंगदाणे चालून जातील.) मेथिलटेस्टोस्टेरॉनच्या जुन्या गोळ्या यकृताला बाधतात, त्या घेऊच नयेत. चिकटपट्टीने अनेकांची कातडी लाल होते आणि खाजते, आपल्या घामात तर विचारूच नका.

अपेक्षा किती ठेवायची? ब्रिटनमध्ये कर्करोगातून बरे झालेल्या १३६ तरुणांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. यांतले बहुसंख्य वृषणाच्या कर्करोगाचे होते आणि त्यांचे टेस्टोस्टेरॉन थोडे कमी होते. सहा महिने निम्म्यांना खरे जेल, निम्म्यांना खोटे. खऱ्या जेलने पोटावरची चरबी घटली, स्नायू वाढले. पण जीवनमानाच्या प्रश्नावलीत फरक दिसला नाही. थकवा, उदासी, शरीरसंबंधाची भीती यांतले सगळेच संप्रेरकाच्या कमतरतेने येत नाही. त्यातले बरेच आजाराने दिलेले असते आणि त्याला बोलणे लागते. आपल्याकडे या अवयवाचे नाव घ्यायलाच माणसे कचरतात, तिथे बोलणे कुठून येणार, हा प्रश्न आहेच.

कोणताही प्रकार घेतला तरी पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी रक्त तपासावे लागते. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवून कारण पाहतात. कमी मुदतीच्या इंजेक्शनांत हे जास्त घडते. चाळिशीनंतर प्रोस्टेटची तपासणीही जोडीला येते. पातळी मोजायची वेळ प्रकाराप्रमाणे बदलते. दोन-तीन आठवड्यांच्या इंजेक्शनात दोन सुयांच्या बरोबर मधल्या दिवशी, जेल असेल तर चोळल्यानंतर दोन ते आठ तासांत, एरंडेलातल्या इंजेक्शनात पुढची सुई घेण्याच्या अगदी आधी. प्रयोगशाळेतला माणूस हे विचारत नाही, म्हणून कोणते औषध, कधी घेतले, हे कागदावर लिहूनच न्यावे.