आप्पा की कावेरी?

काल गडहिंग्लजच्या बसस्टँडबाहेर चहा घेताना वाद पेटला: ‘नटसम्राट’मध्ये खमकं कोण? सगळ्यांची बोटं आप्पासाहेब बेलवलकरांकडे. माझं मत मात्र त्यांच्या बायकोला, कावेरीला.

वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आलं. डॉ. श्रीराम लागू आप्पा, शांता जोग कावेरी. मूळ धागा ‘किंग लिअर’चा, पण लिअरची राणी त्या नाटकात दिसतच नाही! शिरवाडकरांनी म्हाताऱ्याच्या शेजारी बायको उभी केली आणि शोकांतिकेचा तोलच बदलला.

आप्पा तिला ‘सरकार’ म्हणतात. चेष्टेत म्हणतात खरं, पण राज्य तिचंच. सगळं मुलांना वाटून ते मोकळे होतात, धोका दिसतो तो तिला. टाळ्यांची स्वगतं आप्पांना, घरातला अपमान आधी ओळखणं तिला. लेकीच्या घरी चोरीचा आळ आल्यावर दोघं बाहेर पडायचं ठरवतात. पुढे ती जग सोडून जाते आणि आप्पा पार रस्त्यावर येतात, बूटपॉलिशवाल्या पोराच्या आधाराला.

एवढं सांगून झाल्यावर मित्र कप खाली ठेवत म्हणाला, “एवढी खमकी, मग आधी तीच का खचली?”

चहाचे पैसे मीच दिले.