जुनी पिकअप (लेखांक 6): फाउंडेशन एक तुटलं तरी बदला तिन्ही

मागच्या आठवड्यात क्लचबद्दल लिहिताना एक मुद्दा बाकी ठेवला होता. क्लच सोडताना गाडी थडथडते म्हणून प्लेट बदलली जाते, प्रेशर प्लेटही बदलली जाते आणि थडथड तशीच राहते. अशा वेळी बऱ्याचदा दोष क्लचचा नसतो, तो इंजिनाच्या फाउंडेशनचा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच धूड होतं आणि बहुतेक पिकअपमध्ये ते चेसिसवर तीन जागी टेकतं: इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक आणि गिअरबॉक्सखाली आडव्या क्रॉस मेंबरवर तिसरं. प्रत्येक जागी दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे घट्ट चिकटवलेला रबराचा ठोकळा असतो. तिघांपैकी एक तुटलं की तेवढंच बदलायची रीत सगळीकडे आहे. ही रीत चुकीची आहे आणि महागाव तालुक्यासारख्या भागात ती जास्तच महागात पडते.

हे रबर तुटतं कशानं? खड्ड्यांनी, असं सहसा सांगितलं जातं. पण खड्ड्यांचा बराचसा मार टायर आणि पाटे झेलतात. फाउंडेशनला खरं मारतो तो पीळ. चाकं पुढे ढकलताना इंजिन स्वतः उलट दिशेला कलंडू पाहतं आणि पहिल्या गिअरमध्ये हा पीळ इंजिनाच्या मूळ ताकदीच्या साधारण चौपट होतो. वारंग्याहून महागावमार्गे यवतमाळकडे जाणाऱ्या 361 क्रमांकाच्या महामार्गावर टॉप गिअरमध्ये धावणाऱ्या गाडीचं फाउंडेशन तसं निवांत असतं. तीच गाडी कापूस भरून पांदणीत रुतली, की काळी माती चाक सोडत नाही. मग पहिला, रिव्हर्स, पुन्हा पहिला, हाफ क्लचवर झोके देत गाडी काढावी लागते. पुढे जाताना डावं, म्हणजे क्लीनर-बाजूचं रबर वर ताणलं जातं आणि उजवं दबतं. रिव्हर्सला याच्या उलट. दाब रबर पुष्कळ सोसतं, ताण मात्र फार सोसत नाही. म्हणून बहुधा क्लीनर-बाजूचं फाउंडेशन आधी पट्टीपासून सुटतं. त्यात मे महिन्याचं ऊन आणि बॉनेटखालची इंजिनाची धग या दोन्हींनी रबर कडक होऊन भेगाळलेलं असतंच.

आता एकच बदललं तर काय होतं ते पाहा. उरलेली दोन रबरं त्याच वयाची असतात, तीच धग खाल्लेली असतात आणि तिसरं तुटल्यापासून त्याचाही भार वाहत आलेली असतात. ती दबून बुटकी झालेली असतात, नवं मात्र पुरत्या उंचीचं असतं. इंजिन एका अंगाला कलून बसतं, बोल्टची भोकं जुळत नाहीत, मग पहार लावून ती जुळवली जातात. म्हणजे नवं रबर पहिल्या दिवसापासूनच ताणात बसतं. ते लवकर गेलं की दोष नव्या मालाला दिला जातो.

गाडी जुनी आहे, थोडी थरथरणारच, तीन-तीन रबरांचा खर्च कशाला, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. ज्याची गाडी भाड्यावर चालते त्याला प्रत्येक रुपया मोजावाच लागतो. पण इंजिन जॅकवर उचलण्याची मजुरी एकदा पडते की तीनदा, हाही हिशोब त्यातच धरायला हवा. शिवाय ढिलं इंजिन एकटं हलत नाही. सायलेन्सरचा जॉइंट तडकतो, रेडिएटरचा होज ओढला जातो, फॅनचं पातं जाळीला घासतं, गिअर आपोआप सुटतो. आणि प्रश्न फक्त थरथरीचा नाही. 1971 साली अमेरिकेत जनरल मोटर्सला याच कारणासाठी सुमारे 67 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यात हलके ट्रकही होते. फाउंडेशन तुटून इंजिन वर उचललं जायचं, ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जायची आणि गाडी आपोआप वेग घ्यायची. उपाय म्हणून कंपनीने इंजिनाला रोखणारी तार बसवून दिली.

दुसरा आक्षेप जुगाडाचा. टायरचा तुकडा कापून घातला तर तो वर्षानुवर्षं टिकतो, असं म्हणतात. टिकतो हे खरं, पण फाउंडेशनचं काम नुसतं टिकणं नाही. चार सिलिंडरचं इंजिन 750 फेऱ्यांवर उभ्या जागी चालतं, तेव्हा सेकंदाला 25 धक्के बसतात. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची झुलण्याची गती याहून बरीच कमी असेल तरच धक्के चेसिसपर्यंत पोचत नाहीत. धक्क्यांची गती तिच्या निदान दीडपट तरी हवी. कडक तुकडा घातला की झुलण्याची गती वाढते आणि धक्के कमी होण्याऐवजी वाढून केबिनमध्ये येतात. बारा तास स्टिअरिंग धरणाऱ्याच्या हातांना ते सोसावे लागतात.

नवा सेट बसवण्याआधी गळती मात्र बंद करायलाच हवी. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणारं ऑइल थेंबथेंब फाउंडेशनवर उतरतं आणि नैसर्गिक रबर तेलात फुगून लिबलिबीत होतं. बोटाने दाबून पाहिलं तर काळा चिकट थर बोटाला लागतो. तशा जागी नवं रबर घालणं म्हणजे पैसे तेलात बुडवणं.

दसऱ्याला गाडीची पूजा होतेच आणि त्यानंतर कापसाचा हंगाम सुरू होतो. त्याआधी एकदा बॉनेट उघडा. हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून एकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हलकेच सोडावा, मग रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने समोर किंवा मागे न थांबता बाजूला उभं राहून पाहावं. इंजिन किंचित कललं तर ठीक, बोटभर उचललं गेलं तर रबर सुटलेलं आहे. मिस्त्रीकडे गेल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला लावा, चेंबरखाली जॅक लावताना मधे लाकडी फळी ठेवायला सांगा आणि तिन्ही फाउंडेशनवर इंजिनाचं वजन पूर्ण बसल्याशिवाय एकही बोल्ट शेवटपर्यंत आवळू देऊ नका.