वेदना न जाणवणारा नायक

शाळेत छळला जाणारा मुलगा गुरूच्या हाताखाली युद्धकला शिकून आत्मविश्वास मिळवतो, ही कथावस्तू १९८४ च्या ‘द कराटे किड’ने जगभर पोहोचवली; १९९२ च्या ‘साइडकिक्स’मधील दमेकरी मुलगा तर दिवास्वप्नांत मारधाडपटांचा नायक चक नॉरिस याच्या साथीने लढतो.

महाराष्ट्रात या परंपरेशी जवळीक सांगणारी कलाकृती म्हणजे वासन बाला दिग्दर्शित, मुंबईत घडणारा ‘मर्द को दर्द नहीं होता’ हा हिंदी चित्रपट होय. अभिमन्यू दसानी यांनी साकारलेल्या सूर्याला जन्मजात वेदनाहीनता, म्हणजे जखम होऊनही दुखणे न जाणवण्याची दुर्मीळ आनुवंशिक अवस्था, असते; व्हीएचएस फितींवरील मारधाडपट पाहून तो घडतो आणि महेश मांजरेकर यांच्या भूमिकेतील आजोबा त्याला स्वतःला जपायला शिकवतात. २०१८ मध्ये टोरांटो महोत्सवाच्या ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागात या चित्रपटाला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

वेदना ही शरीराने दिलेली धोक्याची सूचना असल्याने ती न जाणवणे हे बळ नव्हे, हे वैद्यकीय सत्य कराटे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या पालकांना ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.