दंगलीचे मूळ

हिंदू आणि मुसलमान यांचे धर्म भिन्न आहेत म्हणून त्यांच्यात दंगली होतात, असे पुष्कळदा सांगण्यात येते. हे उत्तर सोपे आहे; पण पुरेसे नाही. धर्मभेद वर्षाचे बारा महिने असतो. दंगल मात्र एखाद्याच गावी, एखाद्याच दिवशी पेटते. तेव्हा भेदाखेरीज आणखी काही कारण असलेच पाहिजे. ते शोधण्यास ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचे उदाहरण उपयोगी पडेल.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथील व्यापारात व मजुरीत दोन्ही धर्मांच्या लोकांचा परस्परांशी नित्य संबंध येतो. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल उसळली आणि सत्तरांहून अधिक माणसे प्राणास मुकली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरील वाद्ये, घोषणा आणि गुलाल यांवरून आधीची काही वर्षे कुरबुरी चाललेल्या होत्या. दोन्हीकडे जातीय वृत्तीच्या संघटना बळावल्या होत्या. ठिणगी त्या दिवशी पडली. सरपण कधीचेच रचून ठेवलेले होते. १९८४ साली तेथे पुन्हा आग भडकली.

त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. वस्तीतील सामान्य हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस वरचेवर एकत्र बसू लागले. लहानसहान तंटे तेथल्या तेथे मिटू लागले. एखादी अफवा उठली, तर खरे काय ते विचारावयास ओळखीचा माणूस मिळू लागला. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली. पाठोपाठ डिसेंबर व जानेवारीत मुंबईत झालेल्या दंगलींत ९०० माणसे मेली. जवळच असलेली भिवंडी मात्र शांत राहिली.

लोक तेच, त्यांचे धर्मही तेच. मग पालटले काय? पालटला तो परस्परांशी व पोलिसांशी असलेला व्यवहार. न मिटविलेले तंटे, न तपासलेल्या अफवा, भीतीवर पोसणारे पुढारी आणि वेळीच न हलणारे अधिकारी, ही दंगलीची खरी कारणे होत. यांतील पहिल्या दोहोंचा बंदोबस्त शेजाऱ्यांच्या हाती आहे. मात्र तो शांततेच्या दिवसांतच करून ठेवावा लागतो.