बोली हरल्यानंतर येणारी ईमेल

ऑनलाइन लिलावातल्या फसवणुकीचा विषय निघाला की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते: कॅमेरा मागवला आणि खोक्यातून वीट निघाली. असं होतं, नाही असं नाही. पण विटेचं दुःख त्यातल्या त्यात बरं. व्यवहार साइटवरच झाला असेल आणि पैसेही तिच्याच मार्गाने गेले असतील, तर तक्रार करून ते परत मिळवण्याची सोय असते. ईबे बहुतेक खरेदीवर तशी हमीच देते. मोठा गंडा पडतो तो साइटच्या बाहेर, आणि बरेचदा बोली संपून गेल्यावर.

म्हणून "मी तर बोली हरलो, आता मला कोण कशाला फसवेल?" हा समज सगळ्यात आधी काढून टाकायला हवा. हरलेला माणूस हे फसवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत तयार गिऱ्हाईक असतं. एखाद्या शिवराई नाण्यावर किंवा जुन्या लेन्सवर शेवटच्या मिनिटापर्यंत बोली चढवणाऱ्याने आपल्याला ती किती हवी आहे आणि त्यासाठी किती मोजायची तयारी आहे, हे सांगूनच टाकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ईमेल येते: जिंकणाऱ्याने माघार घेतली, वस्तू तुमच्याच बोलीच्या किमतीत देतो, पैसे मात्र अमुक खात्यावर भरा. यातली मेख अशी की ईबेवर 'सेकंड चान्स ऑफर' नावाची अशी सोय खरोखरच आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला संशय येत नाही. पूर्वी बोली लावणाऱ्यांची खातेनावं सगळ्यांना दिसत, आणि अनेकांचं खातेनाव आणि ईमेलचं नाव एकच असे. पत्ता शोधायला फार डोकं लागत नसे. या खोट्या ऑफरींचा सुळसुळाट झाल्यावर 2007 च्या सुमारास ईबेने ती नावं झाकायला सुरुवात केली. पारख सोपी आहे: ईमेलमधल्या लिंकला हात न लावता स्वतः साइट उघडायची आणि आपल्या खात्यातले संदेश पाहायचे. खरी ऑफर तिथे असतेच. तिथे नसेल, तर ती कुठेच नाही.

"पण पाठवणाऱ्याचा पत्ता तर कंपनीचाच होता!" असू दे. ईमेल पोचवण्याची मूळ पद्धत 1982 ची आहे, आणि पाठवणारा कोण हे तपासण्याची व्यवस्था तिच्यात नव्हतीच. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव आपण वाटेल ते लिहू शकतो आणि पोस्टमन ते तपासत बसत नाही, तसंच हे. तपासणीचे उपाय पुढे आले, त्यांच्यामुळे पुष्कळ बनावट ईमेल स्पॅममध्ये जातात. पण कंपनीच्या नावासारखंच दिसणारं, मध्ये एक आडवी रेघ किंवा एखादं जादा अक्षर असलेलं नाव चोराने रीतसर विकत घेतलं, तर त्याची ईमेल या सगळ्या तपासण्यांतून सहीसलामत सुटते. कारण त्या नावाचा मालक तोच असतो.

कुलपाच्या चिन्हाचंही तेच. तुम्ही आणि साइट यांच्यामधला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे साव बसलाय की चोर, हे नाही. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. लोक कुलपाचा अर्थ 'विश्वासू' असा घेतात म्हणून 2023 मध्ये गूगलने क्रोममधून ते चिन्ह काढून टाकलं. पत्त्यात पाहायचं ते (सुरुवातीचं 'https://' सोडून) पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचं नाव. त्याच्या डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतो. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ऑक्टोबर 2025 अखेरपर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीखाली आणायला सांगितलं, ते याचसाठी: ती शेपटी सोम्यागोम्याला विकत मिळत नाही.

या सगळ्यांहून महाग पडणारा समज आहे एस्क्रोचा. पैसे मधल्या तिऱ्हाइताकडे ठेवायचे, माल हातात आला की त्याने ते विक्रेत्याला द्यायचे. कल्पना उत्तम आहे, आणि म्हणूनच तिचं सोंग चांगलं वठतं. रोमानियातल्या बुखारेस्टहून चालणाऱ्या 'बेरॉब' नावाच्या टोळीने ईबेवर गाड्या आणि मोटरसायकलींच्या हजाराहून अधिक खोट्या जाहिराती टाकल्या होत्या. त्यांतल्या फोटोंमध्येच व्हायरस होता. फोटोवर क्लिक करणाऱ्याला तो हुबेहूब ईबेसारख्या दिसणाऱ्या पानावर नेई. तिथे सूचना असे की पैसे 'ईबे एस्क्रो एजंट'कडे भरा. असा एजंट ईबेकडे नव्हताच. तो टोळीने नेमलेला माणूस होता. गिऱ्हाईक बिचारं सावधगिरी म्हणूनच तिऱ्हाइताकडे पैसे देत होतं! या टोळीने 4 लाखांहून अधिक संगणकांत व्हायरस घुसवला, आणि 2019 मध्ये ओहायोतल्या न्यायालयाने तिच्यातल्या दोघांना 20 आणि 18 वर्षांची कैद सुनावली. तेव्हा एस्क्रो कंपनी विक्रेत्याने सुचवली असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. यात संकोचाचं काही कारण नाही.

आपल्याकडे या सोंगात कधीकधी थेट रिझर्व्ह बँकच येते. जुन्या नोटेला, नाण्याला लाखोंची बोली लागली आहे, फक्त कमिशन आणि कर आधी भरा, असा निरोप येतो. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कोणतंही शुल्क घेत नाही, असा खुलासा ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला करावा लागला.

"त्याने स्वतःचं ओळखपत्र पाठवलं, म्हणजे माणूस खरा." ओळखपत्र खरंच असतं. ते त्याचं नसतं, एवढंच. आधी फसलेल्या कोणीतरी 'पडताळणी'साठी पाठवलेला आधार-पॅनचा फोटो आता तुम्हाला पुरावा म्हणून दाखवला जातो आणि बदल्यात तुमचा मागितला जातो. पुढच्या गिऱ्हाइकाला विक्रेता म्हणून तुमचा चेहरा दिसेल. पैशांची चोरी आणि ओळखीची चोरी हे दोन वेगळे धंदे आहेत असं आपण धरून चालतो. इथे पहिल्याचं भांडवल दुसऱ्यातून येतं. शंभर टक्के चांगल्या अभिप्रायांचं जुनं खातंही असंच असू शकतं: वर्षानुवर्षं सचोटीने व्यवहार करणाऱ्याचा पासवर्ड चोरून कोणीतरी त्याच्या दुकानात येऊन बसलेलं असतं. खरेदीसाठी विक्रेत्याला तुमचा घरचा पत्ता लागतो. आधार लागत नाही. कुठे द्यावंच लागलं, तर फक्त शेवटचे 4 अंक दाखवणारं 'मास्क्ड आधार' यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं.

"गेले तरी बँक भरून देईल." रिझर्व्ह बँकेचे 2017 चे नियम ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. आपण आपल्या हाताने पिन घालून पाठवलेले पैसे त्यात बसवणं अवघड. (पैसे घ्यायला पिन लागत नाही. परतावा देतो म्हणून पिन मागणारा पैसे काढत असतो.) क्रेडिट कार्डावर निदान हरकत नोंदवता येते, वायर ट्रान्सफरने किंवा यूपीआयने गेलेली रक्कम काही वेळातच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकते. म्हणून फसवणूक कळताच, लाज बाजूला ठेवून, 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम वाटेत असतानाच ती ज्या खात्यात आहे ते गोठवलं तरच काही हाती लागतं.

कागदपत्रं गेली असतील तर मात्र त्या दिवशी काहीच घडलेलं दिसत नाही. काही महिन्यांनी तुमच्या पॅनवर कोणीतरी कर्ज घेतलेलं असतं. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर लक्ष राहतं. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' या साइटवर दिसतं, आणि अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो. दोन्ही ठिकाणी पत्ता स्वतः टाइप करून जावं.