नर्सचे बोलणे का ऐकले गेले नाही?

ऑपरेशनमध्ये काही बिघडले की आपण पहिले विचारतो, ‘चूक कोणाची?’ इंग्लंडमधील मार्टिन ब्रॉमिली या विमानचालकाने वेगळे विचारले, ‘चूक झालीच कशी?’

त्यांच्या ३७ वर्षांच्या पत्नी एलेन मार्च २००५ मध्ये सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद पडला. घशातून नळी जाईना, मास्कने हवाही जाईना. अशा वेळी गळ्याला पुढून छेद देऊन श्वासाची वाट करायची असते. डॉक्टर तिघे, तिघेही अनुभवी. पण ते नळीच घालत राहिले. एका नर्सने छेद देण्याचे साहित्य आणून तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून आपणच उगाच घाई केली असे तिला वाटले आणि तिने ती रद्द केली. १३ दिवसांनी एलेन गेल्या.

ज्ञान होते, साहित्य होते. मग अडले कुठे? ताणाखाली माणसाचे लक्ष एकाच गोष्टीला चिकटते, वेळेचे भान सुटते. हुशारातल्या हुशाराचेही. बाजूच्याला ते दिसते, पण उतरंडीत खाली असलेला पुरेशा जोराने बोलत नाही. आपल्याकडे वॉर्डबॉयने सर्जनला टोकल्याची कल्पना करून बघा! विमानसेवेने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. १९७७ मध्ये टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन विमाने धडकून ५८३ माणसे गेली. समोरचे विमान बाजूला झाले का, ही सहकाऱ्याची शंका कॅप्टनने मनावर घेतली नव्हती. त्यानंतर वैमानिकांना कनिष्ठांचे ऐकण्याचे आणि कनिष्ठांना ठामपणे बोलण्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले.

ब्रॉमिली यांनी २००७ मध्ये ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ स्थापून हेच रुग्णालयांत आणायचा प्रयत्न सुरू केला. माणूस चुकणारच हे धरून काम, साधने आणि बोलण्याची रीत बसवायची, असे हे शास्त्र. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरांच्या खाचा वेगवेगळ्या ठेवतात त्या यासाठीच. चुकीचा सिलिंडर यंत्राला बसतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी यादीही याच विचारातली. भुलीपूर्वी, छेदापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी सगळ्यांनी थांबायचे. छेदापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे, कारण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंकाही बोलून दाखवतो. दिल्लीसह जगातील ८ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून ऑपरेशनपूर्वी तुमचे नाव, कोणता पाय, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे तिघांनी तीनदा विचारले तर वैतागू नका. तिन्ही वेळा नीट सांगा. आणि कोणीच विचारले नाही, तर आपणहून सांगा.